हात गार पडतात ते रेनॉड्समुळे की मनगटात दबलेल्या नसेमुळे?

डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे निफाड, पिंपळगावच्या पट्ट्यात पारा इतका खाली येतो की ज्याला विचाराल तो म्हणतो हात गार पडलेत, त्यामुळे कोणाला नुसती थंडी वाजतीये आणि कोणाला खरंच काही झालंय ते कळतच नाही. माझी मावशी द्राक्षबागेत विरळणीला जाते, दिवसभर हातात कात्री. दोन थंड्या ती सांगत होती की मनगट गार पडतं, बोटं बधिर होतात, आणि आम्ही तिला हातमोजे आणून देत होतो. शेवटी निघालं कार्पल टनल, म्हणजे मनगटात दबलेली नस. मला आधी वाटलेलं रेनॉड्स, म्हणून दोन्हीतला फरक नीट सांगते.

रेनॉड्स म्हणजे रक्तवाहिन्यांचं दुखणं. गार पाण्यात हात घातला, सकाळी गाडीचं हँडल धरलं किंवा खूप टेन्शन आलं की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या एकदम आवळतात, बोट पांढरंफटक पडतं, मग निळसर, आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतं. सावळ्या हातावर हे रंग पटकन दिसत नाहीत, म्हणून नखं आणि बोटांची टोकं बघा. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत रंग परत येतो, तर त्याच वेळी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, खूप उपयोग होतो.

कार्पल टनलमध्ये रक्तवाहिनी नाही, मनगटातून जाणारी नस, म्हणजे मज्जातंतू, दबते. रंग सहसा बदलत नाही, हाताला हात लावला तर कधी कधी गरमच लागतो पण पेशंटला मात्र गार वाटतं. मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्ध्या अनामिकेत येतात, करंगळी सुटते. मावशी रात्री दोन-तीनला उठून हात झटकत बसायची, झटकला की बरं वाटायचं, ही खूण आम्ही आधीच ओळखायला हवी होती. एनसीव्ही टेस्ट केली, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते बघतात ती, आणि रात्री मनगटाला स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ धरणारा पट्टा, लावायला सांगितलं. खूप उशीर केला तर अंगठ्याखालचा मांसल भाग बारीक होतो आणि हातातून वस्तू पडायला लागतात.

बरं, फक्त हातच नाही तर सगळ्या अंगालाच थंडी वाजत असेल, थकवा असेल, तर आधी हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघा. थायरॉइड कमी असेल तर कार्पल टनलही होऊ शकतं, म्हणजे एकातून दुसरं.

रेनॉड्स बहुतेक तरुण मुलींमध्ये साधंच असतं, पण चाळिशीत पहिल्यांदाच सुरू झालं, एकाच हाताला होतंय, बोटांवर जखमा होतायत किंवा कातडी ताठ होतीये, तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना, दाखवा कारण मागे स्क्लेरोडर्मा किंवा ल्युपस असू शकतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते असे आजार. बीपीच्या काही गोळ्यांनी, म्हणजे बीटा ब्लॉकरनी, पण बोटं गार पडतात, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि एक हात अचानक गार, पांढरा पडून जोरात दुखायला लागला तर सकाळची वाट बघू नका, रक्ताची गुठळी असू शकते, लगेच इमर्जन्सीला न्या.