आलेखात डोळा नेमके काय मोजतो?

विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १७८६ साली व्यापाराच्या आकड्यांचा चित्रसंग्रह काढला. त्यातल्या एका आलेखात इंग्लंडचा ईस्ट इंडीजशी, म्हणजे हिंदुस्थान ज्यात येतो त्या मुलखाशी, चाललेला व्यापार दोन वक्ररेषांनी दाखवला आहे. एक रेषा आयातीची, दुसरी निर्यातीची. १७६० नंतर लगेच दोन्ही रेषा झपाट्याने चढतात आणि बघणाऱ्याला त्यांच्यातले अंतर जवळपास तेवढेच राहिल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तिथे तफावत एकदम वाढून पुन्हा खाली आलेली आहे. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली हे दाखवून दिले. तफावत मोजायची तर सरळ उभे अंतर धरायला हवे. डोळा मात्र दोन रेषांमधले जवळात जवळचे, म्हणजे तिरपे अंतर पकडतो. चढ जितका खडा, तितकी फसगत मोठी. उपाय साधा आहे: तफावत दाखवायची असेल तर वजाबाकी करून तिचीच रेषा काढावी.

प्लेफेअरच्या त्याच संग्रहात स्तंभालेखही आहे, पण तो नाइलाजाने आलेला. स्कॉटलंडच्या व्यापाराचे त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते. काळाची रेषा ओढता येईना, म्हणून १७ देशांसाठी त्याने आडव्या पट्ट्या काढल्या आणि हा प्रकार कमी उपयोगाचा असल्याचेही लिहून ठेवले. वृत्तालेख, म्हणजे वर्तुळाचे पाचरीसारखे भाग पाडून वाटे दाखवणारा आलेख, त्याने १८०१ साली आणला. क्लीव्हलँड-मॅकगिल यांच्या क्रमवारीत एकाच मोजपट्टीवरचे स्थान डोळा सर्वात अचूक वाचतो. लांबी, कोन, क्षेत्रफळ असे खाली उतरत जावे तशी चूक वाढते. ज्या पट्ट्यांना प्लेफेअरने कमी लेखले, त्या त्याच्या वृत्तालेखापेक्षा सरस ठरल्या!

क्षेत्रफळाचा घोटाळा फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या हातूनही झाला होता. क्रिमियन युद्धातल्या ब्रिटिश सैनिकांचे मृत्यू तिने वर्तुळाकार मांडले, बारा महिन्यांचे पाकळ्यांसारखे बारा भाग करून. जानेवारी १८५५ मध्ये साथीच्या व टाळता येण्याजोग्या रोगांनी २,७६१ सैनिक मेले, जखमांनी ८३. प्रमाण सुमारे ३३ पट. आता त्रिज्याच ३३ पट लांब घेतली, तर क्षेत्रफळ ३३ गुणिले ३३, म्हणजे हजार पटींहून मोठे दिसते. तिच्या सुरुवातीच्या आकृत्यांत त्रिज्या थेट आकड्याच्या प्रमाणात होती. पुढे रचना बदलून तिने क्षेत्रफळ प्रमाणात आणले. त्यासाठी वर्गमूळ घ्यावे लागते: जखमांच्या पाकळीची त्रिज्या १ सेंमी असेल, तर रोगांच्या पाकळीची सुमारे ५.८ सेंमी. वर्तमानपत्रांत नाण्यांची किंवा पोत्यांची चित्रे दुप्पट उंच काढून ‘उत्पन्न दुप्पट’ म्हणतात, तिथे हीच चूक आजही चालू आहे. चित्राची रुंदीही दुप्पट होते आणि बघणाऱ्याला चौपट दिसते.

भारतातले मोठे काम संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे. घरखर्चाच्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या पाहण्या रुपयांत ताडून बघता येत नाहीत, कारण मधल्या काळात भाव बदललेले असतात. म्हणून त्यांनी कुटुंबे दरडोई खर्चानुसार गरिबाकडून श्रीमंताकडे रांगेत लावली, रांगेचे सारख्या संख्येचे गट पाडले आणि प्रत्येक गटाची सरासरी, उदाहरणार्थ अन्नावरच्या खर्चाचा वाटा, बिंदूने दाखवून बिंदू जोडले. खरी खुबी पुढे आहे. नमुना आधीच दोन स्वतंत्र भागांत घ्यायचा, दोन्हींचे आलेख वेगळे काढायचे, आणि त्या दोन रेषांत अडकलेले क्षेत्रफळ म्हणजे पाहणीतली त्रुटी समजायची. दोन वर्षांच्या एकत्रित आलेखांमधले क्षेत्रफळ त्या त्रुटीच्या मानाने मोठे असेल, तरच बदल खरा मानायचा. ही पद्धत १९६० साली ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात छापून आली. अंदाजातली अनिश्चितता अशी चित्रातच दाखवण्याची शिस्त आजच्या कित्येक चकचकीत डॅशबोर्डांत सापडत नाही.

सरासरीवर विसंबणाऱ्यांची खोड अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली मोडली. त्याने प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच रचले. चारही संचांत क्षची सरासरी ९, यची ७.५, सहसंबंध गुणांक (दोन राशी सरळ रेषेत किती जोडीने बदलतात त्याचे माप) सुमारे ०.८२. आलेख काढला की एक साधारण सरळ, दुसरा कमानीसारखा, तिसऱ्यात एकच बिंदू रेषेपासून भरकटलेला, चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या रेषेत.

संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकीचा बॉक्स प्लॉट याच सुमाराचा. त्यात आकड्यांचा मधला निम्मा भाग पेटीने आणि दोन्ही बाजूंचा पसारा ‘मिशी’ म्हणवणाऱ्या रेषांनी दाखवतात. त्याचे १९७७ चे पुस्तक आले आणि तो सर्वदूर पसरला. पहिले चतुर्थक (ज्याच्या खाली पाव आकडे येतात) २० आणि तिसरे (ज्याच्या खाली पाऊण) ३२ असेल तर पेटी १२ ची. तिची दीडपट १८, म्हणून कुंपण, म्हणजे नेहमीच्या आकड्यांची हद्द, खालच्या बाजूला २ आणि वरच्या बाजूला ५०. मिशी मात्र कुंपणापर्यंत ओढायची नाही. कुंपणाच्या आतले शेवटचे प्रत्यक्ष निरीक्षण ४६ असेल तर ती ४६ वर थांबते. पलीकडचे बिंदू सुटे दाखवायचे. तपासल्याशिवाय खोडायचे नाहीत. पेटीला एक गोष्ट अजिबात दिसत नाही: आकड्यांत दोन शिखरे असली तरी ती एकच पेटी काढते. म्हणून शेजारी आयतालेख (हिस्टोग्राम) हवा; त्यात आकड्यांचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गात किती आकडे आले ते आयताने दाखवतात. वर्ग किती पाडावेत हे सांगणाऱ्या स्टर्जेसच्या १९२६ च्या नियमाने १०० निरीक्षणांना सुमारे ८ वर्ग पुरतात. चारच पाडले तर दोन शिखरे एकमेकांत मिसळतात. एखादा वर्ग इतरांच्या दुप्पट रुंद असेल तर त्याच्या आयताची उंची निम्मी करावी लागते, कारण आयतालेखात वारंवारता क्षेत्रफळाने मोजली जाते.