जुन्या लाकडी डिंगीवर फायबर : एका वादाची पार्श्वभूमी

बेळगाव-खानापूर भागात कोणी शिडाची जुनी लाकडी डिंगी, म्हणजे छोटी उघडी होडी, घरी आणली की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘फायबर मारून घ्या, कटकट मिटेल.’ फायबर मारणे म्हणजे काचेच्या धाग्यांचे कापड रेझिनने, म्हणजे घट्ट होऊन कडक बनणाऱ्या चिकट द्रवाने, लाकडावर बसवणे. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीकडे फायबरचे काम करून देणारा शोधावा लागत नाही, दरही परवडतो, आणि चार दिवसांत होडी गुळगुळीत होऊन परत येते. हा सल्ला सरसकट चुकीचा नाही. पण काही होड्यांना तो तारतो आणि काहींचा जीव घेतो. होडी कोणत्या काळात बांधली आणि तिच्या फळ्या कशाने जोडल्या, यावर ते ठरते. इथला वाद त्या इतिहासाशिवाय समजत नाही.

किनाऱ्यावरची जुनी हकिकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. कोकण-गोव्यात फळ्या काथ्याने शिवून होड्या बांधत. खिळ्यांची पद्धत नंतर बळावली. पश्चिम घाटातला साग मुंबईच्या गोदीत जाई. तिथे १८१७ साली सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडात पाण्यावर उभी आहे. शिवण्याची विद्या पुन्हा चर्चेत आली ती अगदी अलीकडे, गोव्यात त्याच पद्धतीने बांधलेले ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले तेव्हा.

चोर्ला घाट चढून किंवा मुंबई-पुण्याकडच्या क्लबांच्या मोडीतून आपल्याकडे येतात त्या डिंग्यांचा वंश मात्र वेगळा. तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे आणि त्याचे मूळ सरसात आहे. त्याआधी लाकूड चिकटवायला दुधातल्या केसीनपासून केलेला किंवा हाडा-कातड्याचा सरस असे. सतत ओलीत राहिला की तो हार मानी. युद्धात लाकडी विमाने बांधताना युरिया-फॉर्माल्डिहाइड आणि रिसॉर्सिनॉल हे कृत्रिम सरस पुढे आले. युद्ध संपल्यावर पाण्यात न सुटणारे प्लाय आणि तसाच सरस सामान्य माणसाच्या हाती पडला आणि घरच्या गॅरेजमध्ये होडी बांधण्याची लाट इंग्लंडात उसळली. १९५६ साली तिथल्या एका दैनिकाच्या पाठबळाने एंटरप्राइझ ही डिंगीची जात आली: ४.०४ मीटर लांब, निळ्या शिडांची. १९६२च्या सुमारास फायरबॉल आली. मिरर ३.३ मीटरची, लाल शिडांची. तिच्यामागेही एक दैनिकच होते. मिररचे प्लायचे तुकडे तर तांब्याच्या तारेने टाके घालून जुळवत आणि मग सांध्यांवर फायबरची पट्टी चिकटवत. काथ्याच्या शिवणीशी तिचे नाते लांबचे असले तरी हात लावला की जाणवते.

भारतात एंटरप्राइझने खोल मूळ धरले. १९७०च्या बँकॉक आशियाई खेळांत भारतीय जोडीला शिडांच्या शर्यतीत कांस्य मिळाले. १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांतल्या शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि तिथे फायरबॉलमध्ये सुवर्ण आले. पुढे क्लबांनी फायबरच्या होड्या घेतल्या आणि प्लायच्या मागे पडल्या. आज मोडीत निघणाऱ्या लाकडी डिंग्यांत एंटरप्राइझ वारंवार भेटते ती यामुळेच.

आता फायबरचा वाद. दारात आलेली डिंगी प्लायची की अखंड फळ्यांची, हे आधी बघावे लागते. फळ्यांची होडी पाण्यात फुगते आणि फुगूनच सांधे बंद करते. तिची रचनाच तशी आहे. गोव्याच्या दमट हवेत राहिलेली अशी होडी मार्चमध्ये बेळगावच्या कोरड्या हवेत, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आली की फळ्या आकसतात. दोन फळ्यांमधून उजेड दिसू लागतो. मालक घाबरतो आणि फायबरवाल्याला फोन जातो. वाळून आकसलेल्या त्या लाकडावर पॉलिएस्टर रेझिनचा थर बसतो. होडी पाण्यात उतरली की कुठल्यातरी स्क्रूच्या भोकातून पाणी शिरते, फळी फुगू पाहते, थर तिला फुगू देत नाही. पॉलिएस्टरची लाकडावरची पकड मुळात कच्ची. थर सुटतो आणि लाकूड व थर यांच्यामध्ये पाणी कोंडून राहते.

इथे आपल्या भागाचा म्हणून एक मुद्दा आहे आणि तो पुरेशा जोराने मांडला जात नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारे पाणी मानवत नाही, गोडे पाणी मानवते. समुद्रावर वर्षानुवर्षे टिकलेली होडी खानापूरच्या एका पावसाळ्यात झाकणाशिवाय राहिली तर तिची अवस्था बघवत नाही. आमच्याकडच्या धरणांचे पाणी गोडे आणि जून ते सप्टेंबर वरून कोसळणारेही गोडेच. अशा ठिकाणी ओल कोंडणारा थर चढवणे म्हणजे होडी आतून कुजायला ठेवणे. फळ्यांच्या होडीवर फायबर चढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिला आधी ओल्या पोत्यांखाली हळूहळू फुगू द्यावे. मग सांध्यात कापसाची वात आणि लांबी (पुट्टी) भरावी. आतून तेल द्यावे. किनाऱ्यावर काजूच्या टरफलांचे तेल होड्यांना लावत आले आहेत, आणि चंदगड-बेळगाव पट्ट्यात काजूचे कारखाने असल्याने ते आपल्याला परकेही नाही.

दुसरी बाजू सांगायला हवी. मासेमारीच्या लाकडी होड्यांवर किनाऱ्यावर सर्रास फायबर चढवतात आणि त्या काम देतात. पण तिथे थर जाड असतो, होडी रोज वापरात असते आणि वजनाची फिकीर कोणी करत नाही. शंभर किलोच्या आतबाहेरच्या डिंगीवर तो हिशोब लावला की ती पाण्यात बसते, वाऱ्यावर उचलत नाही.

प्लायच्या डिंगीचे वेगळे. प्लाय फारसे फुगत-आकसत नाही, त्यामुळे तिच्या कडांच्या सांध्यांवर पातळ फायबर-पट्टी इपॉक्सीने बसवायला हरकत नाही. मिररमध्ये पट्टी मुळातच होती. इपॉक्सी होड्यांच्या कामात रुळले ते १९७०च्या दशकात, म्हणजे या होड्या आखल्या गेल्यानंतर. लाकडाला ते पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी घट्ट धरते. ‘फायबर’ या एकाच शब्दात दोन्ही रेझिने खपवली जातात. कारागिराशी बोलताना कोणते, हे आधी ठरवून घ्यावे. इपॉक्सीचे काम पावसाळ्यात करू नये. दमट हवेत त्यावर मेणचट थर येतो आणि रंग धरत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री ते फार सावकाश घट्ट होते. फेब्रुवारी-मार्च हाच आपल्याकडचा खरा हंगाम.

फायबरचा निर्णय कुठलाही होवो, सेंटरबोर्डची, म्हणजे होडी वाऱ्याने बाजूला सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायच्या फळीची, पेटी आधी तपासावी. बाहेरून रंग चकचकीत असतो, पण पेटी जिथे कण्याला, म्हणजे तळाच्या मधल्या लाकडाला, बसते तिथे एक बारीक काळी रेघ दिसते. त्या रेघेवर स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकली की आवाज बद्द येतो आणि टोक दाबले की ते सहज आत जाते. तिथला पितळी स्क्रू काढावा: खाऱ्या पाण्यात जस्त निघून गेलेला स्क्रू गुलाबी पडलेला असतो आणि पिळला की कडकन तुटतो. हे न बघता वरून फायबर मारलेल्या होड्या मी पाहिल्या आहेत. त्या होड्यांचे फार वाईट वाटते.

लाकडाचा इतिहासही या कामात आडवा येतो. एंटरप्राइझ आली त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. पुढे १९६३चा वनकायदा आणि १९७६चा वृक्षसंरक्षण कायदा इथे लागू झाला, तर पलीकडे चंदगडला महाराष्ट्राचे नियम. बांधाच्या दोन्ही बाजूंना तेच रान, तोच साग, ऐन, किंजळ, नाणा; पण तीन-चार फुटांचा सागाचा तुकडा सीमेपलीकडून आणायचा तरी वाहतुकीचा परवाना विचारला जातो आणि कागद कानडीत असतो. खासगी जमिनीतले झाड तोडायलाही परवानगी लागते. त्यामुळे घरी काम करणारे जुन्या वाड्यांच्या पाडकामातले सागवान घेतात. ते पक्के वाळलेले असते, फक्त खिळे शोधून काढावे लागतात. साग तेलकट, म्हणून चिकटवण्याआधी ताजा घासून ॲसिटोनने पुसावा.

प्लाय घेताना फसगत ठरलेली. दुकानात स्वयंपाकघराच्या कपाटांसाठी ‘मरीन’ म्हणून काहीही विकतात. आयएस ७१० हा भारतीय मानकाचा आकडा छापलेला बघावा. त्या प्लायचा सरस ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासलेला असतो. आयएस ३०३ कपाटाला चालेल, होडीला नाही. आपल्याकडचे गर्जन लाकडाचे प्लाय मूळ होड्यांच्या हलक्या प्लायपेक्षा जड असते, म्हणून कुजला तेवढाच भाग बदलावा, अख्खा तळ नव्हे.

पाण्याचा प्रश्न शेवटी उरतोच. राकसकोपचे पाणी शहराच्या पिण्याचे. तिकडे होडी नेण्याचा विचार करू नये. हिडकल आणि नवीलतीर्थ ही मोठी जलाशये पाटबंधारे खात्याची, तिथे लेखी परवानगी घ्यावी लागते. २०२१च्या देशांतर्गत नौका कायद्यात बिनयंत्री होड्यांचाही स्वतंत्र भाग आहे, म्हणून अर्ज देतानाच नोंदणीचे विचारून घ्यावे. हिडकलला एप्रिल-मेमध्ये पाणी उतरले की काठचा चिखल आणि खडक उघडे पडतात आणि सेंटरबोर्ड आपटण्याची भीती असते. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत पाणीही भरपूर असते, वाराही सोसण्याजोगा. त्यामुळे इपॉक्सीचे काम एका फेब्रुवारीत हाती घेतले तर होडी पाण्यात जायला पावसाळा उलटून जावा लागतो, आणि तेवढे महिने तिला ताडपत्रीखाली, पण खालून हवा खेळेल अशी, उपडी ठेवावी लागते.