पे इट फॉरवर्ड
पे इट फॉरवर्ड : भावनाप्रधान अमेरिकन चित्रपट. अनोळखी माणसाने केलेल्या उपकाराची फेड त्यालाच न करता आणखी तीन गरजूंना मदत करून करायची, या कल्पनेवर त्याची कथा बेतलेली आहे. कॅथरिन रायन हाइड यांच्या १९९९ मधील याच नावाच्या कादंबरीवरून लेस्ली डिक्सन यांनी पटकथा लिहिली आणि मिमी लेडर यांनी दिग्दर्शन केले. संगीत टॉमस न्यूमन यांचे. वॉर्नर ब्रदर्सने तो ऑक्टोबर २००० मध्ये प्रदर्शित केला.

कथा लास व्हेगासमध्ये घडते. समाजशास्त्राचे शिक्षक युजीन सिमोने (केव्हिन स्पेसी) सातवीच्या मुलांना गृहपाठ देतात : जग बदलेल अशी कल्पना शोधा आणि ती अमलात आणा. ट्रेव्हर मकिनी (हेली जोएल ऑस्मेंट) हा मुलगा फळ्यावर आपली योजना मांडतो. एकाने तिघांना मदत करायची, त्या प्रत्येकाने पुढे तिघांना. मदत खरोखरीची हवी आणि ती ज्याला करायची त्याला स्वतःच्या बळावर जमणारी नसावी. हिशेब साधा, पण चक्रावून टाकणारा आहे. विसाव्या पायरीवर आकडा ३४८ कोटींच्या पुढे जातो आणि एकविसाव्या पायरीवर जगाची लोकसंख्याही अपुरी पडते. अर्थात मधला एकही दुवा तुटला नाही तर.

दुवे तुटतात, हे चित्रपट लपवत नाही. ट्रेव्हर ज्या बेघर व्यसनी जेरीला (जिम कॅव्हिझेल) घरी आणून जेवू घालतो, तो पुन्हा नशेकडे वळतो. दारूशी झगडणारी, कॅसिनोत राबणारी आई आर्लीन (हेलन हंट) आणि सिमोने यांची गाठ घालून द्यायचा खटाटोपही अडखळत चालतो. शाळेत मार खाणाऱ्या मित्राला वाचवायची वेळ येते, तेव्हा ट्रेव्हरचे पाय जागीच खिळतात. त्याच्या लेखी तिन्ही प्रयोग फसलेले असतात.

दुसरे कथासूत्र उलट्या दिशेने चालते आणि पटकथेतला सर्वांत कसदार भाग तोच. गाडीचा चेंदामेंदा झालेल्या एका पत्रकाराला अनोळखी वकील आपली जॅग्वार देऊन टाकतो. पत्रकार कारण शोधू लागतो. वकिलाच्या मुलीला दम्याचा झटका आला असताना इस्पितळात जखमी अवस्थेत आलेल्या एका गुंडाने तिला आधी तपासायला लावलेले असते, तेही बंदुकीच्या धाकाने. त्या गुंडाला पोलिसांपासून वाचवलेले असते रस्त्यावर राहणाऱ्या ग्रेस (अँजी डिकिन्सन) या वृद्धेने. ग्रेस ही आर्लीनचीच दुरावलेली आई. मुलीने तिला माफ केले, त्याची ती फेड. साऱ्या साखळीत गाडी देण्यापेक्षा ही माफी अवघड आहे, हे पटकथेला नेमके कळले आहे.

शेवट मात्र याच पटकथेने ओढूनताणून आणला, असा आक्षेप अनेक समीक्षकांनी घेतला. मित्राला वाचवायला अखेर पुढे झालेला ट्रेव्हर भोसकला जाऊन मरतो आणि मेणबत्त्या घेतलेल्या माणसांची रांग त्याच्या घराशी येते. मृत्यू मूळ कादंबरीतही आहे. पण पडद्यावर तो प्रेक्षकांकडून अश्रू वसूल केल्यासारखा वाटतो. कादंबरीतला शिक्षक व्हिएतनाम युद्धात चेहरा विद्रूप झालेला कृष्णवर्णीय सैनिक आहे. चित्रपटात तो गोरा झाला आणि त्याच्या व्रणांचे कारण बापाने जिवंत जाळणे हे ठरले. त्यामुळे आर्लीनच्या घरातल्या हिंसेशी धागा जुळतो, पण वंशाचा प्रश्न कथेतून निघून जातो.

हंट आणि स्पेसी हे ऑस्कर विजेते, ऑस्मेंट नुकताच नामांकन मिळवलेला. तरीही सुमारे चार कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात जेमतेम साडेपाच कोटींची तिकीटविक्री केली.

कल्पना चित्रपटाहून बरीच जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८४ मध्ये एका गरजूला पैसे देताना पत्रात बजावले होते, की ही रक्कम मला परत करू नका. असाच अडचणीतला प्रामाणिक माणूस भेटला की त्याला द्या. फ्रँकलिन यांची रक्कम एकाकडून एकाकडे जाते. तीनने गुणायची भर हाइड यांची.

चित्रपट आला त्याच वर्षी हाइड यांनी या विचाराच्या प्रसारासाठी प्रतिष्ठान स्थापन केले. भारतात ए. आर. मुरुगदॉस यांनी चिरंजीवी यांना घेऊन केलेल्या ‘स्टॅलिन’ (२००६) या तेलुगू चित्रपटात हीच साखळी आहे, आणि ‘स्टॅलिन’वरून सोहेल खान यांनी सलमान खानचा ‘जय हो’ (२०१४) हा हिंदी चित्रपट केला. दोन्हींत शाळकरी मुलाच्या जागी माजी लष्करी अधिकारी आला, आणि तिघांना मदत करण्याच्या आवाहनाला भरपूर हाणामारीची जोड मिळाली.