खाणीतलं ट्रेनिंग आणि प्रोजेक्ट: मायनिंगच्या विद्यार्थ्यांसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

उन्हाळा तोंडावर आला की मायनिंगच्या मुलांचे फोन सुरू होतात. "सर, कंपनीचं लेटर आलंय. आता फक्त जायचं ना?" नाही. लेटर आलं म्हणजे कंपनीच्या ऑफिसात तुमचं नाव लागलं, एवढंच. खाणीत उतरायची परवानगी वेगळी मिळवावी लागते आणि तिथली आकडेवारी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये छापायची त्याहून वेगळी. या शेवटच्या परवानगीबद्दल कॉलेजात सहसा कोणी बोलत नाही, आणि मुलं नेमकी तिथेच अडकतात.

कोणतं ट्रेनिंग हवंय, ते आधी ठरवा

शिक्षण चालू असताना सुट्टीत करायचं दोन ते सहा आठवड्यांचं व्होकेशनल ट्रेनिंग वेगळं आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट वेगळा. पदवी किंवा डिप्लोमा हातात आल्यावर करायचं वर्षभराचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग, म्हणजे आपल्याकडे ज्याला पीजीपीटी आणि पीडीपीटी म्हणतात, ते तर पूर्णच वेगळं. पहिल्या दोन प्रकारांत अर्ज कॉलेजमार्फत जातो. तिसऱ्यात कंपनी जाहिरात काढते आणि उमेदवार स्वतः अर्ज भरतो. दरवर्षी एखादा तरी तिसऱ्या वर्षाचा मुलगा पीजीपीटीच्या जाहिरातीला अर्ज करून बसतो आणि मग नाव का आलं नाही म्हणून विचारतो.

कॉलेजचं पत्र

विदर्भातल्या मुलांसाठी जवळचे पर्याय दोन: कोळशासाठी वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मँगनीजसाठी मॉइल. दोघांचीही मुख्यालयं नागपुरात आहेत. कोळसा कंपन्यांत पत्र साधारणपणे मुख्यालयाच्या मानव संसाधन विकास विभागाकडे जातं. तिथून एरिया (कंपनीचा खाणपट्ट्यातला विभाग) ठरतो, एरिया ऑफिसातून खाण ठरते. ओळखीच्या मॅनेजरला थेट फोन केला की काम लवकर होतं असा समज आहे. प्रत्यक्षात मॅनेजरही मुख्यालयाचं पत्र हातात आल्याशिवाय तुम्हाला गेटच्या आत घेत नाही, आणि त्याने घेऊही नये.

पत्रात विद्यार्थ्याचं नाव, वर्ष, सेमिस्टर, नेमक्या तारखा आणि प्रोजेक्ट असेल तर विषय हवाच. याशिवाय एक ओळ आवर्जून टाका: भूमिगत खाण हवी की ओपनकास्ट, म्हणजे वरून उघडी. ही ओळ नसेल तर जिथे जागा असेल तिथे पाठवतात. मग पिलर डिझाइनवर (भूमिगत छत पेलायला सोडलेल्या खांबांवर) प्रोजेक्ट घेतलेला मुलगा महिनाभर शॉवेल-डंपर बघत बसतो. पत्र निदान दोन महिने आधी द्या. उन्हाळी सुट्टीत सगळ्याच कॉलेजांची मुलं एकदम येतात आणि व्होकेशनल ट्रेनिंग सेंटरच्या बॅचमध्ये जागा मोजक्याच असतात.

पात्रता आणि कागद

मायनिंगची पदवी किंवा डिप्लोमा चालू असलेला कोणीही विद्यार्थी अर्ज करू शकतो. डिप्लोमाच्या मुलांनी वयाकडे लक्ष द्यावं, कारण दहावीनंतर आलेली मुलं अनेकदा अठराच्या आत असतात. खाणकामासाठी वयाची अट १८ आहे. १९५२ च्या खाण कायद्याने प्रशिक्षणार्थींना १६ पर्यंत सूट दिली होती, पण व्यवस्थापकाच्या देखरेखीच्या अटीवर. म्हणून १८ पूर्ण नसतील तर पालकांचं संमतिपत्र आधीच तयार ठेवा आणि वय पत्रातच लिहा. गेटवर कळलं की परत पाठवणीच.

मुलींना अजूनही काही जण "तुम्ही ओपनकास्टच घ्या" असा सल्ला देतात. त्याच जुन्या कायद्यात स्त्रियांना भूमिगत कामावर ठेवायला बंदी होती. २०१९ च्या अधिसूचनेने तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय कामांसाठी ती उठवली. लेखी संमती आणि सकाळी ६ ते संध्याकाळी ७ ही वेळ, अशा त्यात अटी होत्या. तेव्हा भूमिगत हवं असेल तर अर्जात तसं लिहा आणि संमतिपत्र जोडा. सल्ले ऐकत बसू नका.

बाकीचे कागद नेहमीचेच: बोनाफाईड, कॉलेजचं ओळखपत्र, आधारची प्रत, फोटो, मागच्या सेमिस्टरची गुणपत्रिका. यांपेक्षा जास्त महत्त्वाचे तीन आहेत. डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, चालू मुदतीचा अपघात विमा आणि अपघाताची जबाबदारी कंपनीवर टाकणार नाही असं हमीपत्र. हमीपत्राचा मसुदा कंपनीकडूनच मागून घ्या. स्वतःच्या मनाने टाइप केलेलं हमीपत्र परत येतं, मग पुन्हा स्टॅम्प पेपर आणि पुन्हा नोटरी. काही ठिकाणी ट्रेनिंगचं शुल्कही घेतात, ते आधी विचारून ठेवा.

खाली उतरण्याआधी

खाणीत नव्याने येणाऱ्याचं प्रशिक्षण १९६६ च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनुसार होतं, म्हणून पहिले काही दिवस व्होकेशनल ट्रेनिंग सेंटरमध्ये, म्हणजे व्हीटीसीत जातात. मुलांना ते कंटाळवाणं वाटतं. पण सेल्फ रेस्क्यूअर (विषारी वायूत श्वास घेता यावा म्हणून जवळ बाळगायचं उपकरण) डोळे मिटून उघडता आणि तोंडात धरता येतो का, हे तिथेच कळतं. चुकून एखादा सरदार (खाणीतल्या कामगारांच्या सुरक्षेवर देखरेख करणारा) वर्ग घ्यायला आला तर वहीत लिहून घ्या. छताचा आवाज ऐकून काय ओळखायचं, हे पुस्तकात सापडत नाही.

हेल्मेट आणि कॅप लॅम्प खाणीत मिळतात, बूट मात्र स्वतःचे न्या. कोळशाच्या भूमिगत खाणीत उतरताना झडती होते. काडेपेटी, विडी-सिगारेट आणि मोबाईल वरच ठेवावे लागतात. याचा अर्थ फोटो मिळणार नाहीत. जे पाहिलं ते वहीत, आणि तेही पेन्सिलीने. घाम आणि कोळशाच्या भुकटीत बॉलपेन दोन ओळींतच दगा देतं.

प्रोजेक्ट आणि आकडेवारीची परवानगी

विषय निवडताना एकच प्रश्न विचारा: ही मापं मी स्वतः महिनाभरात घेऊ शकतो का? भूमिगत डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे कोळशात बोगदे काढताना, छताचं आरएमआर (रॉक मास रेटिंग, खडकाच्या मजबुतीचे गुण) काढणं हा चांगला विषय आहे. आपल्याकडच्या सीएमआरआय-आयएसएम पद्धतीत थराच्या जाडीला ३०, भूगर्भीय रचनेला २५, खडक पाण्या-हवेने किती झिजतो याला २०, ताकदीला १५ आणि भूजलाला १० असे १०० गुण असतात. निम्म्याहून जास्त गुण तुम्ही टेप, कंपास आणि डोळ्यांनी ठरवू शकता. नमुने कॉलेजच्या लॅबमध्ये तपासता येतात.

ब्लास्टिंगच्या कंपनांवरचा प्रोजेक्टही लोकप्रिय आहे, पण तो नाजूक. डीजीएमएसच्या (खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या) १९९७ च्या सातव्या परिपत्रकात, खाणमालकाच्या मालकीची नसलेल्या विटा-सिमेंटच्या घरांसाठी कंपनाचा कमाल वेग दिलाय. वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ मध्ये १० आणि त्यापुढे १५. तुमच्या वहीतला ६ चा आकडा तुमच्यासाठी एक बिंदू असतो. गावातून भिंतींच्या तड्यांच्या तक्रारी आलेल्या मॅनेजरसाठी तो उद्याचा कागदोपत्री पुरावा असतो.

मी विद्यार्थी असताना याचा धडा घेतलाय. पाच आठवडे मापं घेतली, आणि रिपोर्ट सह्यांसाठी गेल्यावर कळलं की आकडे वापरायची लेखी परवानगी कोणी मागितलीच नव्हती. शेवटी खाणीचं नाव, पॅनेलचा (खाणीतल्या कामाच्या भागाचा) नंबर आणि नकाशा काढून टाकून अर्धा रिपोर्ट नव्याने लिहिला. म्हणून पहिल्याच आठवड्यात मॅनेजरच्या नावाने अर्ज द्या: कोणते आकडे हवेत, कुठे छापणार, खाणीचं नाव येणार की नाही. पोच घ्या. नकाशाची प्रत हवी असेल तर सर्व्हे ऑफिसला स्वतंत्र अर्ज लागतो.

संशोधन संस्थेत प्रोजेक्ट करायचा असेल तर क्रम उलटा. धनबादच्या सिम्फरचं (खाण आणि इंधन संशोधन संस्थेचं) केंद्र आणि रांचीच्या सीएमपीडीआयची (कोल इंडियाच्या खाण नियोजन संस्थेची) प्रादेशिक संस्था, दोन्ही नागपुरात आहेत. तिथे आधी एखाद्या शास्त्रज्ञाने मार्गदर्शन करायला हो म्हणावं लागतं, कॉलेजचं पत्र त्यानंतर. पहिल्या मेलमध्ये बायोडेटापेक्षा एका पानाचा प्रस्ताव जास्त उपयोगी पडतो.

पदवीनंतर

पीजीपीटी आणि पीडीपीटी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली चालतात आणि त्यासाठी एनएटीएस या सरकारी शिकाऊ उमेदवार पोर्टलवर नोंदणी लागते. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिन्याला किमान ९,००० आणि डिप्लोमाधारकाला ८,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. प्रत्यक्ष रक्कम जाहिरातीत पाहा. नोंदणीतलं नाव, गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः एकच हवं. आडनाव आधी की नंतर, एवढ्यावरून अर्ज अडकलेले पाहिलेत.

हा अनुभव पुढे डीजीएमएसच्या मॅनेजर सर्टिफिकेटच्या परीक्षेला दाखवायचा असतो. गॅस टेस्टिंग आणि प्रथमोपचाराची सर्टिफिकेटंही तिथे लागतात, ती याच वर्षात उरकून घ्या. आणि ट्रेनिंग संपताना अनुभवाचा दाखला हातात आला की लगेच घडी घालू नका. भूमिगत किती दिवस आणि ओपनकास्ट किती हे वेगळं लिहिलंय का, तारखा हजेरीशी जुळतात का आणि सहीखाली मॅनेजरचा शिक्का आहे का, हे खिडकीपाशी उभं राहूनच बघा. मॅनेजरची बदली झाली की तो दाखला दुरुस्त करून घ्यायला महिने जातात.