पोह्यांवरचं लिंबू आणि मागोमागचा चहा

बीट लाल, रक्त लाल, म्हणून बीटाने रक्त वाढतं. रक्त तपासायला येणाऱ्या कितीतरी बायकांकडून मी हे ऐकते. महिनाभर बीटाचा रस पिऊन त्या येतात आणि एचबी, म्हणजे रक्तातलं लोहयुक्त हिमोग्लोबिन, पुन्हा आठाच्या आतच निघतं. बीटाचा रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा असतो आणि त्या रंगद्रव्यात लोहाचा एक अणूही नसतो. शंभर ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमच्याही आत. बीटाची कोशिंबीर जरूर खावी, पण रक्तक्षयावरचं औषध म्हणून त्यावर विसंबू नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हा आकडा ५४.२ टक्के होता, त्याआधीच्या फेरीत ४८. म्हणजे पाच वर्षांत तो वाढला. शाळेत लोहाच्या निळ्या गोळ्या आहेत, गरोदरपणात लाल गोळ्या आहेत, घरोघरी जाऊन सांगणाऱ्या आशाताई आहेत, आणि तरीही.

माझं काम प्रयोगशाळेतलं. नळीतलं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की लाल पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी उरतं. निरोगी बाईच्या नळीत लाल थर साधारण चाळीस टक्के असतो. गेल्या पावसाळ्यात एकीची नळी उचलली, तर लाल थर जेमतेम पाचवा हिस्सा. एचबी ७.१. चौथा महिना चालू होता. गोळ्या घेता का, असं विचारलं तर म्हणाली, "घेते की ताई, एकबी चुकवली न्हाई. पर नुसत्या पान्यानं मळमळतं, म्हनून च्यासंगट घेते."

ती खोटं बोलत नव्हती. गोळी रोज पोटात जात होती, पण रक्तात फार थोडी पोचत होती.

शरीरातलं सगळं लोह एकत्र केलं तर तीन-चार ग्रॅम भरेल, एखाद्या खिळ्याइतकं. त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असतं. लाल पेशी १२० दिवस जगते. मग प्लीहेतल्या भक्षक पेशी तिला गिळतात, तिच्यातलं लोह काढून घेतात आणि नव्या पेशींसाठी परत देतात. रोज असं वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह फिरत राहतं. बाहेरून आपल्याला फक्त एक ते दोन मिलिग्रॅम घ्यावं लागतं, कारण आतड्याच्या झडणाऱ्या पेशी आणि त्वचेवाटे साधारण तेवढंच जातं. पाळीच्या दिवसांत जातं ते वेगळं.

यातली खरी मेख अशी की जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. जादा मीठ मूत्रपिंड काढून टाकतं, तसं लोहाचं होत नाही. आणि मोकळं लोह घातक असतं, पेशींना आतून गंज चढवावा तसं. बाहेरचा दरवाजाच नसल्यामुळे सगळा पहारा आत येण्याच्या दारावर. ते दार म्हणजे जठराच्या पुढचा आतड्याचा पहिला भाग, जेमतेम वीतभर लांबीचा.

भाजी, डाळ, बाजरी, नाचणी, हळीव यांतलं लोह बहुतेक तीन धनभारांचं असतं. ते पाण्यात नीट विरघळत नाही आणि आतड्याच्या पेशीला तसं घेताही येत नाही. पेशीच्या अंगावरचं एक विकर त्याला एक इलेक्ट्रॉन देऊन दोन धनभारांचं करतं, मग डीएमटी-१ नावाच्या वाहक प्रथिनातून ते आत शिरतं. क जीवनसत्त्व हेच काम आधीच करून ठेवतं आणि लोहाला विरघळलेलं राखतं. पोह्यांवर लिंबू पिळणाऱ्या आपल्या आज्यांनी चवीसाठी पिळलं असेल, पण फायदा लोहाचाही झाला.

आणि त्याच बशीमागोमाग आपण चहा पितो! चहातली टॅनिनं आणि त्यांच्या कुळातली इतर संयुगं लोहाला असं धरून बसतात की ते पेशीपर्यंत पोचतच नाही. लिंबाने जे मिळवलं त्यातलं बरंचसं कपभर चहात जातं. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जेवणासोबत चहा घेतल्यावर लोहाचं शोषण सुमारे ३७ टक्क्यांनी घटलं. तोच चहा तासाभराने घेतला तेव्हा हा अडथळा निम्म्यावर आला. चहा सोडा, असं मी कुणाला सांगत नाही. कुणी ऐकणारही नाही, आणि तशी गरजही नाही. जेवणाच्या आणि गोळीच्या आगेमागे तास-दीड तास चहा नको, एवढंच सांगते. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्या, शोषण थोडं कमी होईल, पण ती सुटणार तरी नाही.

इथवरचं बऱ्याच जणांना माहीत असतं. माझा जीव ज्यात अडकला आहे ती गोष्ट पुढची आहे.

आतड्याच्या पेशीत शिरलेलं लोह अजून रक्तात आलेलं नसतं. ते अजून ओटीवरच आहे म्हणा. माजघरात जायला एकच दार, फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन. प्लीहेतल्या भक्षक पेशींतून लोह बाहेर पडतं तेही याच दारातून. मग हे दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं, हे ठरवतं कोण? विसावं शतक संपेपर्यंत याचं उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

उत्तर सापडलं तेही वेगळंच काही शोधताना. २००० आणि २००१ च्या सुमारास संशोधक रक्तात आणि लघवीत जंतूंना मारणारी छोटी प्रथिनं शोधत होते. त्यांना अवघ्या २५ अमिनो आम्लांची एक साखळी मिळाली. ती यकृतात बनते आणि जंतूंना थोडंफार मारते, म्हणून यकृत आणि जंतुनाश या दोन्ही शब्दांची सांधणी करून नाव दिलं हेप्सिडिन. त्याच सुमारास फ्रान्समध्ये काही उंदीर तपासले गेले. या उंदरांत हेप्सिडिन बनत नव्हतं, आणि त्यांच्या यकृतात लोहाचे साठेच्या साठे साचलेले होते. जंतुनाशक समजलेलं ते प्रथिन लोहाचं संप्रेरक निघालं.

ते काम कसं करतं हे २००४ मध्ये कळलं. हेप्सिडिन फेरोपोर्टिनला जाऊन चिकटतं, आणि पेशी ते दार स्वतःच आत ओढून मोडून टाकते. नुसती कडी लावली असं नाही, दारच चौकटीसकट उखडलं. लोह आतड्याच्या पेशीत कोंडलं जातं. ही पेशी जगते तीन ते पाच दिवस. मग ती झडते आणि पोटातलं लोह घेऊन शौचावाटे निघून जाते. गोळी चालू असताना शौचाला काळं होतं, ते असं न शोषलेल्या लोहामुळे.

आता नियम पाहा. साठा भरलेला असेल तर हेप्सिडिन वाढतं आणि दार बंद होतं. साठा रिता असेल तर ते घटतं, दारं वाढतात. हे सरळ आहे. पण अंगात ताप, जंतुसंसर्ग किंवा जुना दाह असेल, तेव्हाही इंटरल्युकिन-६ नावाच्या निरोप्याच्या सांगण्यावरून यकृत हेप्सिडिन सोडतं. कारण जंतूंनाही वाढायला लोह लागतं, आणि शत्रू गावात शिरला की कोठाराला कुलूप घालावं तसं शरीर लोह लपवतं. म्हणूनच क्षयरोगात किंवा संधिवातात रक्त कमी होतं आणि गोळ्या देऊनही हलत नाही. कोठारात धान्य असतं, फक्त ते बाहेर निघत नाही.

आणखी एक गंमत. साठ मिलिग्रॅमची एक गोळी घेतली की रक्तात लोहाची लाट येते आणि यकृत हेप्सिडिन वाढवतं. ते दुसऱ्या दिवशीही चढलेलंच असतं. म्हणजे आजची गोळी उद्याच्या गोळीसाठी दार अर्धवट लावून ठेवते. झुरिकमधल्या संशोधकांनी लोहाचा साठा कमी असलेल्या ४० तरुण स्त्रियांवर हे मोजलं. रोज गोळी घेणाऱ्यांत १६.३ टक्के लोह शोषलं गेलं, दिवसाआड घेणाऱ्यांत २१.८ टक्के. गोळ्यांची संख्या दोन्ही गटांत सारखीच, १४. त्यामुळे अनेक डॉक्टर आता दिवसाआड गोळी लिहून देतात. गरोदर बायकांनी मात्र हे वाचून आपल्या मनाने गोळी कमी करू नये. त्या अभ्यासातल्या स्त्रिया गरोदर नव्हत्या, आणि गरोदरपणाच्या उत्तरार्धात हेप्सिडिन आपोआप उतरलेलं असतं. सरकारी कार्यक्रमातल्या १८० लाल गोळ्या रोज घ्यायच्या आहेत.

लोहाच्या गोळीने बाळ काळं होतं, हे अजूनही सुईणी आणि सासवा सांगतात, आणि त्यापायी गोळ्या उकिरड्यावर जातात. मला याचा फार राग येतो. बाळाचा रंग आईबापाच्या जनुकांतून येतो. गोळी न घेतल्याने मात्र ते कमी वजनाचं आणि वेळेआधी जन्मण्याचा धोका वाढतो. तितकाच राग 'सात दिवसांत एचबी बारा' असं सांगत महागडं सरबत विकणाऱ्यांचा येतो. अस्थिमज्जेत नवी पेशी तयार व्हायलाच आठवडाभर लागतो. आणि एचबी कमी म्हणजे लोहच कमी, असंही नाही. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असणाऱ्यांच्या पेशीही लहान आणि फिक्या असतात, पण लोह पुरेसं असतं. लोहाचं कुठलंही औषध महिनोन्‌महिने घेण्याआधी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन, तपासून घ्या.

त्या बाईने चहा बाजूला केला. गोळी रात्री, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत. पाच आठवड्यांनी ती आली तेव्हा एचबी ८.९ होतं. मी तिच्या रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पहिल्या वेळी सगळ्या पेशी बांगडीसारख्या होत्या, कडेला लाल रेघ आणि मध्ये मोठी पांढरी पोकळी. आता त्याच क्षेत्रात दोन जाती दिसत होत्या. जुन्या, पोकळ, आपले १२० दिवस पुरे करणाऱ्या. आणि त्यांच्या मध्येमध्ये नव्या, आकाराने मोठ्या, काठोकाठ भरत आलेल्या. मी तिला बोलावून भिंगातून बघायला लावलं. बराच वेळ बघून तिने विचारलं, "त्या भरलेल्या हायत त्या गोळीच्या?"

"हो," म्हटलं, "त्या नव्या."