‘टॉप गन: मॅव्हरिक’मधली विमानं आणि ‘सगळं खरं शूट केलंय’चा वाद

२०२२ च्या मे महिन्यात टॉम क्रूझ हिरो असलेला, लढाऊ विमानांच्या पायलटांवरचा ‘टॉप गन: मॅव्हरिक’ आला तेव्हा जो तो एकच सांगत होता, यात सीजीआय, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली दृश्यं, नाहीच, सगळं खरं शूट केलंय. पुढच्या वर्षी हाच सिनेमा व्हिज्युअल इफेक्ट्सच्या ऑस्कर नॉमिनेशनमध्ये दिसला आणि लोक चक्रावले, सीजीआयच नाही तर नॉमिनेशन कशाचं? स्टोरी सगळ्यांना पाठ आहे, त्यात जात नाही.

विमानांचे सिनेमे आणि इफेक्ट्स यांचं नातं तसं जुनंच. पहिल्यावहिल्या ऑस्करमधलं ‘एंजिनिअरिंग इफेक्ट्स’चं बक्षीस १९२७ च्या ‘विंग्ज’ या मूकपटाला मिळालं होतं, त्यातही नट खरोखर हवेत जाऊन स्वतःच कॅमेरा चालू करायचे. १९८६ चा पहिला ‘टॉप गन’ लोक अस्सलपणाचा नमुना म्हणून सांगतात, पण त्यात फुटणारी विमानं छोटी मॉडेल्स होती आणि कॉकपिटमधले क्लोजअप बरेचसे जमिनीवर घेतले होते, कारण नटांना वर नेऊन घेतलेलं बरंच फुटेज वापरण्यासारखं निघालंच नाही. एक स्टंट पायलट तर शूटिंगमध्येच विमानासकट समुद्रात गेला, सिनेमा त्याला अर्पण केलाय.

सिक्वेलमध्ये मुख्य धडपड त्या क्लोजअपसाठीच होती. नटांना आधी साध्या छोट्या विमानात, मग कसरतीच्या विमानात, मग एल-३९ जेटमध्ये असं टप्प्याटप्प्याने तयार केलं आणि शेवटी दोन सीटच्या एफ-१८ या लढाऊ विमानात मागे बसवलं, पुढे नौदलाचा पायलट, कारण कंट्रोलला हात लावायची परवानगी हिरोलासुद्धा नव्हती. कॉकपिटमध्ये ६ कॅमेरे. दिग्दर्शक खाली, त्यामुळे कॅमेरा चालू करणं, ऊन कुठून येतंय बघणं, डायलॉग म्हणणं सगळं नटानेच करायचं, तेही सात-आठ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सात-आठपट दाब, अंगावर घेत. वळताना गाल खाली ओघळतात, मान दबते, श्वास तुटतो, ते सगळं खरं आहे, आणि त्या चेहऱ्यांसाठी मोठ्या पडद्याचं तिकीट काढावं असं मला मनापासून वाटतं.

आता वादाचा मुद्दा. सिनेमात जवळपास २,४०० व्हीएफएक्स (व्हिज्युअल इफेक्ट्सचे) शॉट्स आहेत. शत्रूची ती नव्या पिढीची विमानं अमेरिका कुठून आणणार? शेवटी हिरो उडवतो ते जुनं एफ-१४ तर अमेरिकन नौदलाने २००६ मध्येच रिटायर केलं, सुटे भाग इराणच्या हाती लागू नयेत म्हणून उरलेली बरीचशी विमानं भंगारात तोडली, मग म्युझियममधलं एक न उडणारं आणून जमिनीवरचे सीन केले. हवेत मात्र दुसरंच खरं जेट उडवायचं, शूट करायचं आणि नंतर कॉम्प्युटरवर त्याच्यावर एफ-१४ चं किंवा शत्रूच्या विमानाचं रूप चढवायचं. सुरुवातीला ते काळं डार्कस्टार, म्हणजे सिनेमातलं काल्पनिक चाचणी विमान, डोक्यावरून जातं आणि चौकीचं छप्पर उचकटतं ना, तिथे प्रत्यक्षात एफ-१८ अगदी खालून गेलं होतं, छप्पर त्या झोताने खरंच उडालं आणि डार्कस्टार नंतर त्याच्या जागी बसवलं. मग हा शॉट खरा की खोटा? माझ्या मते दोन्ही, आणि म्हणूनच तो इतका भारी दिसतो, कारण खरं जेट कसं डुगडुगतं, ऊन त्याच्यावर कसं सरकतं, कॅमेरामन क्षणभर कसा मागे पडतो हे आर्टिस्टला समोर दिसत असतं, मनाने काही रचावं लागत नाही.

प्रचाराने मात्र फक्त पहिली अर्धी गोष्ट सांगितली. रिलीज होईपर्यंत मुलाखती पायलट, नट आणि कॅमेऱ्यांच्या, इफेक्ट्सवाल्यांचं काम लोकांपुढे नीट आलं ते ऑस्करच्या हंगामात. हा निर्णय मला पटत नाही. ‘खरं’ हा शब्द विकला जातो हे समजतं, लोक हिरव्या पडद्यापुढे शूट करून मागचं दृश्य नंतर जोडण्याला कंटाळले होते हेही खरं, पण त्यापायी शेकडो लोकांची मेहनत झाकून ठेवायची? हॉलिवुडच्या कितीतरी सिनेमांचं रोटोचं आणि पेंटचं काम, म्हणजे फ्रेम-फ्रेमवर आकृती कापायचं आणि नको ते पुसायचं काम, आपल्याकडे मुंबईत, हैदराबादेत, बंगळुरात होतं, तिथे रात्र-रात्र बसणाऱ्या पोरांना ‘यात सीजीआय नाहीच’ असली वाक्यं कशी लागत असतील.

बाकी इतिहास सरळ आहे. २०२० चा रिलीज कोविडमुळे पुढे ढकलत ढकलत २०२२ वर गेला, ओटीटीवर द्यायला हिरो तयार झाला नाही आणि सुमारे १७ कोटी डॉलरच्या सिनेमाने १४० कोटी डॉलरच्या वर धंदा केला. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर ‘अवतार’च्या दुसऱ्या भागाने नेलं, ‘मॅव्हरिक’ला साउंडचं मिळालं.