पिब

पिब ही जमिनीत खणलेल्या खड्ड्यात, तापलेल्या दगडांच्या धगीवर अन्न भाजण्याची माया लोकांची पद्धत आहे. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात, म्हणजे युकातान, कांपेचे आणि किंताना रो या राज्यांत, ती आजही रूढ आहे. पर्यटकांना ती ‘कोचिनिता पिबिल’ या डुकराच्या मांसाच्या पदार्थामुळे माहीत असते. डुक्कर मात्र तिथे स्पॅनिश लोकांनी आणले. त्याआधी पिबमध्ये हरीण आणि रानटर्की भाजत. केळीची पानेही समुद्रापलीकडूनच आली, पण आज त्यांच्याशिवाय पिब लागत नाही.

खड्ड्यात आधी लाकडे रचतात, वर चुनखडीचे दगड ठेवतात आणि आग पेटवतात. लाकूड जळून निखारे झाले की दगड सारखे करून त्यांवर पानांत गुंडाळलेले अन्न ठेवतात. वरून हिरव्या फांद्या आणि पाने घालून माती लोटतात. धुराची रेघ दिसली, तर तिथे आणखी माती टाकून फट बुजवतात. मांस असेल तर ते रात्रभर आत राहते.

मृतांच्या सणाला, म्हणजे ‘हानाल पिशान’ला, पिब घरोघरी लागते. ३१ ऑक्टोबरला दिवंगत मुलांसाठी, १ नोव्हेंबरला मोठ्यांसाठी आणि २ नोव्हेंबरला सर्वांसाठी अन्न मांडतात. मुख्य पदार्थ मुकबिपोयो. मक्याच्या जाड पिठात कोंबडी, टोमॅटो, एपासोते या उग्र वासाच्या वनस्पतीची पाने आणि आचिओतेच्या बियांनी लाल झालेला दाट रस्सा भरून तो पानांत बांधतात. काही घरांत पिठात शपेलोन नावाच्या शेंगांचे ताजे दाणेही मिसळतात. बहुधा खड्डा पुरुष खणतात आणि पीठ बायका मळतात.

पावसाने ओढ दिली की होणाऱ्या ‘चाआ चाक’ विधीत मात्र सगळा स्वयंपाक पुरुष करतात; परंपरेने स्त्रिया विधीच्या जागी जात नाहीत. विधी चालवणारा ह्मेन फांद्यांच्या कमानीखाली वेदी मांडतो. वेदीच्या पायांशी बसलेली मुले बेडकांसारखी ओरडतात. नैवेद्याला मक्याच्या पिठाचे आणि वाटलेल्या भोपळ्याच्या बियांचे थर देऊन जाड भाकरी करतात आणि त्या पिबमध्ये भाजतात. सोबत ‘साका’ हे मक्याचे पेय असते. रोजच्या स्वयंपाकातला मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, साकासाठीचा मात्र चुन्याशिवाय. बालचे झाडाची साल मधाच्या पाण्यात आंबवून केलेले पेयही वाहतात. देवांचे झाले की त्याच भाकरी रश्श्यात कुस्करून जमलेले सगळे खातात.

हा स्वयंपाक पर्यटनाशी जोडताना खरा प्रश्न एकच आहे: काय दाखवायचे आणि काय नाही, हे कोणी ठरवायचे? हॉटेलांत कोचिनिता बहुधा साध्या ओव्हनमध्ये शिजते, आणि तिच्या कमाईतले गावाला फारसे काही मिळत नाही. चाआ चाक पावसावर अवलंबून असल्याने तो सहलीच्या वेळापत्रकात बसवता येत नाही. बसवला, तर तो विधी उरत नाही. पिब लावून पाहुण्यांना जेवू घालणे मात्र गावाला जमते आणि परवडतेही. चिचेन इत्सा या प्राचीन माया नगरीच्या अवशेषांपासून फार दूर नसलेल्या याशुना गावात घरच्या पिबवरच पाहुण्यांना जेवण मिळते.

याच द्वीपकल्पातल्या पुंता लागुना इथे कोळी-माकडांच्या (स्पायडर मंकी) जंगलाची राखण आणि वाटाड्यांचे काम स्थानिक माया कुटुंबांची सहकारी संस्था करते. ५,३६७ हेक्टरांचे हे जंगल २००२मध्ये संरक्षित क्षेत्र जाहीर झाले. त्याच्या ‘ओतोच माआश येतेल कोह’ या नावाचा अर्थ ‘माकडाचे आणि प्यूमाचे घर’. पिबला लाकूड आणि पाने लागतात, विधीला मध आणि साल. जंगल टिकले नाही तर यातले काहीच हाताशी राहणार नाही. डिसेंबर २०२३मध्ये पहिला टप्पा सुरू झालेल्या ‘त्रेन माया’ रेल्वेसाठी याच द्वीपकल्पातली बरीच झाडे तोडली गेली, म्हणून गावांच्या ताब्यातल्या अशा जंगलांचे मोल वाढले आहे.

शेजारच्या बेलिझ देशात, दक्षिणेकडील टोलेडो जिल्ह्यात, मोपान आणि केक्ची माया गावांनी १९९०च्या सुमारास पर्यटनासाठी आपली संघटना उभारली. तिथे पाहुणे गावाच्या अतिथिगृहात राहतात, पण जेवणाची पाळी घराघरांत फिरते, त्यामुळे पैसा एकाच चुलीपाशी साठत नाही.